गेरूचा गंज

लहानू मिस्त्रीला गंजाची किळस यायची. पाल अंगावर पडली की बाकीच्यांना जसं होतं, तसं त्याला गंजलेला पत्रा हाताला लागला की व्हायचं. जेवताना कुणी गंजाचं नाव काढलं तरी तो हातातला घास ताटात ठेवायचा. आता ज्या माणसाचं पोटच गंजलेल्या पत्र्यांवर चालतं, त्याने असली नाटकं करावीत का, असं त्याची बायको नवसाबाई विचारायची. तिने एकदा लोखंडी कढई ओली ठेवली होती, तर हा माणूस दोन दिवस त्या कढईतली भाजी खायला तयार नव्हता. नवसाबाईही कमी नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने भाजीच केली नाही.

नाशकात द्वारकेच्या चौकात टायरवाल्यांची रांग आहे, तिच्या पाठीमागच्या बोळात लहानूचं डेंटिंगचं गॅरेज. चाळीस वर्षं तो तिथे वाकलेले पत्रे सरळ करतोय. त्याची एक पद्धत आहे. ठोकून झालं की तो डोळे मिटतो आणि फडक्याखाली तळहात घेऊन पत्र्यावरून सावकाश फिरवतो. जिथे उंचवटा असेल तिथे हात थांबतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते त्याच्या तळहाताला कळतं. आणि पुट्टी भरून, वरून रंग फासून गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, हे त्याने कधीच केलं नाही. गंज पार मुळापर्यंत खरवडून काढायचा, भोक पडलं तर पडू द्यायचं, नवा तुकडा जोडायचा आणि मग रंगाचं बघायचं. लहानूच्या हातची गाडी पुन्हा गंजत नाही, असं नाशकातले जुने ड्रायव्हर सांगायचे. त्या एका वाक्यावर त्याचं गॅरेज चाललं, दोन पोरींची लग्नं झाली.

ही किळस त्याला लावली पुंजाआबांनी. पुंजाआबा शहराशेजारच्या मखमलाबादचे, झेंडू आणि भाजीपाला पिकवणारे. लहानूने गॅरेज उघडलं त्या महिन्यात पहिलं काम घेऊन आले ते हेच. काम कसलं, तर फवारणीच्या पंपाची टाकी गळत होती. मोटारींचा डेंटर म्हणून पाटी लावलेल्या लहानूला जरा अपमानच वाटला होता, पण बोळात दुसरं कुत्रंही फिरकत नव्हतं, म्हणून त्याने ती टाकी डाक मारून दिली. त्यानंतर दर खंडेनवमीला सकाळी आबा सायकलच्या मागे गोणी बांधून यायचे. गोणीत खुरपी, विळे, कुदळ, फावडं. ज्याचं पातं वाकलं असेल ते लहानूने सरळ करायचं. मग आबा बोळातल्या नळावर बसून एकेक हत्यार राखेने घासायचे, धुवायचे, कोरडं करायचे, तेलाचा हात फिरवायचे. लहानूच्या हातोड्यासुद्धा घासून द्यायचे. वर गॅरेजच्या दाराला आपल्या मळ्यातल्या झेंडूची माळ लावूनच जायचे.

"लहानू, लोखंड आपल्यापायी झिजतं," ते एकदा म्हणाले होते. "झिजू दे. त्याचं कामच हाय ते. पन सडू नको देऊ. सडलेलं हत्यार देवापुढं ठेवायला लाज वाटली पाहिजे मानसाला."

पुंजाआबांनी आयुष्यात स्वतःची गाडी घेतली नाही. सायकल होती, तिच्या दोन बाजूंना फुलांच्या दोन पाट्या. पुढे माल वाढला तेव्हा गावातल्या कुणाच्या तरी टेम्पोत फुलं टाकून स्वतः फुलांवर बसून बाजारात यायचे. ते गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. पोरांनी मळा विकला. विहीर बुजवली. तिथे सात मजली इमारती आल्या आणि कमानीवर कुठल्याशा परदेशी डोंगराचं नाव आलं. ज्या माणसाने त्या जमिनीतला दगड अन् दगड वेचला त्याचं नाव तिथे गटाराच्या झाकणावरसुद्धा नाही. लहानू एकदा त्या कमानीखाली उभा राहून वर बघत होता, तर वॉचमनने कुणाकडे जायचंय म्हणून हटकलं. तो परत आला. घरी आल्यावर नवसाबाईला म्हणाला, "आबांचं नाव पुसलं गं यांनी." ही एक गोष्ट त्याच्या मनात काट्यासारखी राहिली.

विकून राहिलेल्या अर्ध्या एकरात आबांच्या नातवाने, हर्षलने, शेड बांधली. शेडमध्ये गाड्या. चौदा! आणि एकही धड गाडी नाही. म्हणजे हर्षलच्या भाषेत त्या 'बिल्ड' होत्या. एक जुनी लांबलचक अमेरिकन गाडी, तिला खालून जांभळे दिवे. एक कॉन्टेसा, तिच्या बॉनेटला भोक पाडून त्यातून इंजिनाचं नाक बाहेर काढलेलं. एक पद्मिनी इतकी खाली बसवलेली की शेडच्या दारातला उंबरठासुद्धा तिला ओलांडता येईना, मग उंबरठाच फोडला. एका जीपला ट्रॅक्टरचीही लाजतील अशी चाकं लावलेली, आणि तीत चढायला हर्षलला स्टूल लागायचं. शेडला एसी होता, का तर आतल्या चामड्याच्या सीटा खराब होऊ नयेत. त्याच आवारातल्या बंगल्यात खालच्या खोलीत हर्षलची आजी, पुंजाआबांची बायको बयाबाई, टेबलफॅनखाली बसून दिवसभर जपमाळ ओढायची.

या गाड्या कुठे जायच्या? कुठेच नाही. रविवारी सकाळी कुठल्या तरी लॉन्सवर यांचा मेळा भरायचा. तिथवर गाडी ट्रॉलीवर लादून न्यायची, मैदानाच्या अलीकडच्या वळणावर उतरवायची, फडकं मारायचं आणि मग काळा चष्मा लावून शंभर पावलं चालवत आत जायचं. आत गेल्यावर उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबायचा. मागून फटाके फुटल्यासारखा आवाज, ज्वाळा, धूर. शेजारच्या इमारतीतली तान्ही पोरं रडत उठायची, आणि हे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे. लहानूने हे एकदा पाहिलं होतं. ज्या यंत्राने माणसाला इथून तिथे न्यायचं, ते एका जागी उभं करून बोंबलायला लावायचं आणि त्याच्या भोवती पन्नास मोठे पुरुष मोबाईल धरून उभे! चहा अर्धा टाकून तो निघून आला.

तरी हर्षलची कामं तो करायचा. पत्रा पत्रा असतो, आणि पोरगा आबांचा नातू होता.

गेल्या श्रावणात हर्षलने मालेगावच्या भंगारातून एक जुनी पिकअप आणली. पुढे दोन माणसांची गोल केबिन, मागे उघडा हौदा. ट्रकवरून ती बोळाच्या तोंडाशी उतरवली. पत्रा मूळचा जाड, जुन्या काळचा, पण वरचा रंग उडालेला आणि जागोजाग गंज. लहानूने नेहमीप्रमाणे नाक मुरडलं आणि दारावरून हात फिरवला. आत लोखंड अजून जिवंत होतं.

"महिनाभरात नवरीसारखी करून देतो, दादा," तो म्हणाला.

हर्षल हसला. पांढरे बूट, पांढरी पँट, हातात एवढंसं काहीतरी थंड पेय. "नाही नाही, मिस्त्री. नवरी नको. इंजिन मी आठ सिलिंडरचं टाकतोय, ते पुण्याला होईल. तुम्ही बॉडी करायची. आणि बॉडीला मला आहे त्याच्या दुप्पट गंज पाहिजे."

लहानूला वाटलं, आपल्याला ऐकू कमी यायला लागलं.

"पॅटिना म्हणतात त्याला," हर्षलने समजावलं. "जुनेपणाची शोभा. सगळ्या जगात आता हेच चालतं. चकचकीत गाडी कुणीही करतो हो. ॲसिड मारा, मिठाचं पाणी मारा, आठ दिवस उघड्यावर ठेवा. मस्त लालभडक झाला पाहिजे पत्रा. जिथे भोक पडेल तिथे पडू द्या, भारी दिसतं."

चांगल्या पत्र्याला ॲसिड! त्याने सरळ सांगितलं, "हे माझ्याच्यानं नाय व्हनार. दुसरा मानूस बघा."

"पुण्यात एक जण करतो," हर्षल म्हणाला. "पण माझी इच्छा होती की हे तुमच्या हातून व्हावं. कारण दारावर आबांचं नाव टाकायचंय." त्याने खिशातून कागद काढला. त्यावर कुणाकडून तरी छान वळणदार अक्षरात लिहून आणलं होतं: पुंजा बहिरू, झेंडू व भाजीपाला, मखमलाबाद. "जुन्या पद्धतीने, पांढऱ्या रंगात, जरा फिकट झालेलं. ट्रिब्यूट हो, मिस्त्री. श्रद्धांजली समजा. माझ्या सगळ्या गाड्यांत ही पुढे राहील."

लहानूने तो कागद हातात घेतला आणि एकेक अक्षर वाचलं. बहिरू म्हणजे आबांचे वडील. ही दोन नावं एकत्र लिहिलेली त्याने यापूर्वी फक्त आबांच्या दहाव्याच्या पत्रिकेवर पाहिली होती.

"पन आबांकडं गाडी नव्हती," तो म्हणाला.

"म्हणून तर द्यायची त्यांना," हर्षल म्हणाला. आणि या उत्तराने लहानू फसला.

घरी गेल्यावर त्याने नवसाबाईला सगळं सांगितलं. पॅटिना म्हणजे काय, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

"म्हंजे श्रीमंताचा गंज," ती म्हणाली. "आपल्या कढईला आला की गंज, त्यांच्या गाडीला आला की शोभा. आणि तुम्ही करनार हे?"

"ॲसिड नाय मारनार. पन आबांचं नाव येतंय गं. कुठंतरी येतंय."

"नाव यायला मेल्यावर एवढं भंगार लागतं का?" नवसाबाई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. नवसाबाईला गोष्ट पटली नाही की तिच्या भाकऱ्या जाड व्हायच्या. त्या दिवशी जाड झाल्या.

लहानूने काम घेतलं, पण आपल्या पद्धतीने. पुण्याच्या माणसाने त्या पत्र्याला खाऊन टाकलं असतं, निदान तेवढं तरी आपण वाचवू, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आधी त्याने सगळा खरा गंज काढला, अगदी बिजागऱ्यांच्या आतला, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं तिथलासुद्धा. तीन ठिकाणी नवा तुकडा जोडला. डोळे मिटून हात फिरवला. करड्या प्रायमरचे दोन हात दिले. बोळातल्या उन्हात ती पिकअप अशी उभी राहिली की टायरवाले येऊन बघून गेले. लहानूला त्या दिवशी वाटलं, हिला इथेच सोडावी.

मग त्याने खोटा गंज करायला घेतला. गेरू आणला, दारापुढचं अंगण रंगवायला बाया वापरतात तोच. त्यात विटेचा बारीक भुगा, चहाचा काढा, डिंकाचं पाणी. स्पंजाने थोपटून थोपटून लावायचं, एक थर लाल, एक तपकिरी, मध्ये कुठे कुठे करडं तसंच ठेवायचं. चाळीस वर्षं ज्या शत्रूचा माग काढला त्याचा चेहरा त्याला तोंडपाठ होता. गंज कुठून सुरू होतो, पाणी कुठे साचतं, ओघळ कसा उतरतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यामुळे काम असं झालं की पाहणाऱ्याला शिसारी यावी. लहानूला ती आली. तो दर तासाला उठून साबणाने हात धुवायचा. हातांना गेरूच होता, पण त्याला वाटे, गंजच लागलाय आणि आता तो निघायचा नाही.

दारावरचं नाव मात्र त्याने मन लावून लिहिलं. सफेद्यात डिंक कालवून, कागदावरचं एकेक अक्षर छापून घेऊन. लिहून झाल्यावर ते फिकट दिसावं म्हणून कोरड्या फडक्याने पुसायचं होतं. 'पुंजा'वर आल्यावर त्याने फडकं हलक्या हाताने धरलं. ते अक्षर त्याने बाकीच्यांपेक्षा जरा कमीच पुसलं.

गाडी न्यायच्या आदल्या दिवशी हर्षल बघायला आला आणि बघतच राहिला. "मिस्त्री! हे... हे खरं वाटतंय!"

"अजून वरनं मॅट लॅकरचा एक हात मारायचाय," लहानू म्हणाला. "त्याशिवाय पक्कं व्हनार नाय. आतापर्यंत नुसता डिंकावर धरलाय रंग. पानी लागलं की उतरेल."

"लॅकर नको. मुंबईचा परीक्षक येतोय, तो बोटाने घासून बघतो. लॅकर असलं की गुळगुळीत लागतं, लगेच पकडतो. असाच खरखरीत राहू द्या."

"दादा, थेंबभर पानी—"

"दसऱ्याला कुठला पाऊस? आणि झाकून नेणार आहे. टेन्शन घेऊ नका." त्याने लहानूच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून आपल्या पांढऱ्या पँटीला काही लागलं नाही ना ते पाहिलं.

दसऱ्याच्या सकाळी गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर मेळा होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, लहानूने आपल्या हातोड्या घासल्या होत्या, धुतल्या होत्या, तेल लावून झेंडू वाहिला होता. आबा गेल्यावरही ते त्याने चुकवलं नव्हतं. आता नवसाबाईने इस्त्री केलेला सदरा घालून तो लॉन्सवर आला, कारण हर्षलने आग्रहाने बोलावलं होतं. आबांचं नाव चारचौघांत बघायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

आत पाऊल ठेवताच त्याने सदऱ्याची बाही नाकाशी धरली. पेट्रोलचा वास, अत्तराचा वास आणि जळलेल्या रबराचा वास एकत्र. साठ-सत्तर गाड्या, प्रत्येकीचं बॉनेट उघडं, आणि प्रत्येक मालक आपल्या इंजिनाकडे असा बोट दाखवतोय की जसं ते त्यानेच पोटातून जन्माला घातलं. एक जण गाडीवर मिनरल वॉटरची बाटली उपडी करून ती पुसत होता. मैदानात आलेल्या माणसांना पाणी प्यायला टँकर होता, आणि त्याचा नळ तुटलेला होता.

मधोमध लाल गालिच्यावर पिकअप उभी होती. तिच्याशेजारी मोठा फलक. लहानू जवळ जाऊन वाचू लागला. 'माझ्या आजोबांची गाडी. याच गाडीतून ते पन्नास वर्षं झेंडू बाजारात नेत. मळ्यातल्या गोठ्यात कडब्याखाली सापडली. एक थेंब रंगही लावलेला नाही.'

त्याने ते पुन्हा वाचलं. फुलांच्या ढिगावर अंग चोरून, दुसऱ्याच्या टेम्पोत बसून येणारे आबा त्याला आठवले. उतरल्यावर टेम्पोवाल्याला पहिली माळ देणारे. ती लाचारी नव्हती, रीत होती, पण या पोराला त्याची लाज वाटली होती म्हणून त्याने मेलेल्या म्हाताऱ्याला गाडी लावून दिली. आणि त्या खोट्यावर सही कुणाची? लहानूची. दारावरची ती अक्षरं लहानूच्या हातची होती. त्याला हर्षलची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या उजव्या हाताची. त्याने तो हात सदऱ्याच्या खिशात घातला.

मुंबईचा परीक्षक आला. डोक्यावर चपटी टोपी, गळ्यात भिंग. त्याने बॉनेटवर बोट घासलं, बोटाचा वास घेतला, डोळे मिटले. "हे करता येत नाही," तो माईकवर म्हणाला. "असा गंज फक्त काळ करतो." टाळ्या वाजल्या. गेरू आणि चहाचा वास न ओळखणाऱ्या त्या माणसाकडे लहानू बघत राहिला.

मग निवेदन करणारी निकिता नावाची मुलगी चिवचिवत म्हणाली, "आणि आता एक खूप इमोशनल क्षण! आबांच्या गाडीची दसऱ्याची पूजा करायला येताहेत खुद्द आजी!"

एसी गाडीतून बयाबाईला उतरवलं. नवं कोरं नऊवारी लुगडं नेसवलेलं, त्याची घडीही मोडलेली नव्हती. हातात पूजेचं ताट, ताटात हळद-कुंकू, झेंडू, नारळ आणि पाण्याचा तांब्या. भोवती चार कॅमेरे. शहाऐंशी वर्षांची ती बाई पिकअपपुढे येऊन थांबली आणि तिने नाकाला पदर लावला.

"कुनाचं हे?" तिने विचारलं.

"आबांची गाडी, आजी," हर्षल कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला.

"त्यांची? त्यांची कुठली आली गाडी? त्यांची तं सायकल—"

निकिताने आजीपुढे धरलेला माईक पटकन मागे घेतला आणि मोठ्याने हसली. "आजी खूप भावुक झाल्यात! आजी, कुंकू लावा ना."

बयाबाईने कुंकवात बोट बुडवलं, दाराजवळ नेलं आणि हात मागे घेतला. "आरे, कशावर लावू? सगळा गंज हाय ह्याच्यावर. ह्याच्यावर कुंकू लावत्यात व्हय? आधी धुवायचं नाय का हत्यार?"

आणि तेव्हा कुठे लहानूला आठवलं. पूजेआधी हत्यार धुतात! आबा होते तोवर दरवर्षी त्याने त्यांना नळावर बसून धुताना पाहिलं होतं, कालच स्वतः धुतलं होतं, आणि ही गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नाही. हर्षलला माहीत नसणं समजू शकतं, त्याने जन्मात हत्यार धुतलं नव्हतं. पण लहानूला माहीत होतं. तो गर्दीतून पुढे घुसायला लागला. "मावशी, थांबा! पानी नका—"

तोवर बयाबाईने तांब्या दारावर ओतला होता.

लाल पाणी ओघळायला लागलं. पत्र्यावरून गालिच्यावर, गालिच्यावरून हर्षलच्या पांढऱ्या बुटांवर. बयाबाईने पदराचं टोक ओलं केलं आणि जुनी सवय असल्यासारखं जोर लावून घासायला घेतलं. जिथे पदर फिरला तिथे पन्नास वर्षांचा गंज निघाला आणि खालून करडा, सपाट, कोरा पत्रा दिसायला लागला. परीक्षक आपल्या बोटाकडे बघत राहिला. मग कुणीतरी खिंकाळून हसलं, आणि शंभर मोबाईल वर झाले.

कुणालाही वाटलं असतं, आता हर्षल तोंड लपवून पळेल. लहानूलाही वाटलं. पण त्या जातीला लाज नसते. दोन मिनिटं त्याचा चेहरा पडला, मग त्याने गर्दीतले मोबाईल मोजल्यासारखी नजर फिरवली आणि आजीच्या खांद्याभोवती हात टाकून कॅमेऱ्याकडे वळला. "बघा, आमची आजी! पन्नास वर्षांचा गंज दोन मिनिटांत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या वाजल्या. ज्यांना फसवलं होतं तेच टाळ्या वाजवत होते.

बयाबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती दार घासत होती. आधी 'मखमलाबाद' गेलं. मग 'झेंडू व भाजीपाला'. मग तिचा पदर वर सरकला आणि 'बहिरू'वरून गेला. लहानू आता तिच्या अगदी जवळ पोचला होता. हात धरला असता तर एक अक्षर तरी वाचलं असतं. पण तिला काय सांगून धरायचा? बयाबाईला वाचता येत नव्हतं. जे अक्षर त्याने कमी पुसलं होतं ते जरा जास्त चिवट निघालं. तिने त्याच्यावर दोनदा पदर मारला. 'पुंजा' गेलं.

हर्षल लहानूच्या कानाशी आला. "मिस्त्री, व्हिडिओ तुफान चालणार. आजी बाजूला झाली की नाव तेवढं परत मारून द्या, फोटो घ्यायचेत."

"नाय," लहानू म्हणाला.

"अहो, पाच मिनिटांचं काम आहे."

"माझ्या हातानं एकदा खोटं लिहिलं गेलं. बास. आबांचं नाव परत ह्या गाडीवर दिसलं तर मी सगळ्यांसमोर सांगेन, ते बाजारात कसे जायचे ते."

हर्षल त्याच्याकडे बघून हसला, जसं कुणी दारातल्या भिकाऱ्याकडे बघतं, आणि मोबाईलवर बोलत निघून गेला.

बयाबाईने ओल्या दारावर तळहात ठेवला आणि सावकाश फिरवला, इकडून तिकडे. मग मागे वळून पाहिलं. "लहान्या, तू हायस व्हय! तरीच म्हनलं. आतला पत्रा बघ कसा ठेवलाय. हे तुझंच काम."

"हो, मावशी."

"मंग वरनं ही घान कुनी लावली?"

"मीच लावली," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिचा पांढरा-लाल झालेला पदर तिने पिळला. "आन् इथं हे पांढरं पांढरं काय व्हतं रे? अक्षरं व्हती का कायतरी?"

लहानूने दाराकडे पाहिलं. तिथे आता काहीच नव्हतं.

"नाय मावशी. चुना लागला व्हता."

"मंग बरं झालं पुसलं," बयाबाई म्हणाली. तिने त्याच जागेवर कुंकवाचं बोट टेकवलं, वर झेंडूचं एक फूल चिकटवलं आणि हात जोडले.